चालणारी मुलगी पुन्हा रांगू लागली, दोष सुईचा?

पत्र, थोडक्यात : १४ महिन्यांच्या मुलीला ताप आणि उलट्या सुरू झाल्या. दोन दिवस तापाचं औषध दिलं. उचलून घेतलं की ती उलट जास्तच किंचाळायची. तिसऱ्या दिवशी आकडी आली आणि तिला दवाखान्यात दाखल केलं. तासाभरात अँटिबायोटिकची इंजेक्शनं सुरू झाली. मेंदूज्वर वाटतोय, पाठीतलं पाणी काढून तपासावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. पण ‘मणक्यात सुई गेली की पोर अधू होतं’ असं म्हणून सासऱ्यांनी सही करू दिली नाही. २० तासांनी पतीनं सही केली. पाण्यात पांढऱ्या पेशी २,४०० निघाल्या, साखर कमी होती, कल्चरमध्ये (नमुन्यातला जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) मात्र जंतू वाढला नाही. १० दिवसांनी मुलगी घरी आली, त्याला आता १२ दिवस झाले. आजारापूर्वी ती चालत होती. आता उभी राहिली की डुगडुगते, पडते आणि पुन्हा रांगते. सासरे म्हणतात, सुईनं पाय गेले. शिवाय कल्चर कोरं आलं म्हणजे मेंदूज्वर नव्हताच. आईला वाटतं, ते २० तास वाया गेले म्हणून हे झालं. कानाच्या तपासणीची तारीख मिळाली होती, पण गुंगीचं औषध द्यावं लागेल म्हटल्यावर घरच्यांनी ती रद्द केली. हाक मारली की वळते, मग तपासायचं काय, असं सगळ्यांचं म्हणणं. दिरांनी घरातल्या सगळ्यांसाठी गोळ्या आणून ठेवल्या आहेत. त्या पाच वर्षांच्या मोठ्या मुलाला द्याव्यात का? आणि लशी दिलेल्या असताना हा आजार झालाच कसा?

ताई,

तुमचे प्रश्न बरेच आहेत, पण त्यातला एक थांबायला तयार नाही, म्हणून तो आधी. रद्द केलेली कानाची तारीख पुन्हा घ्या, याच आठवड्यातली मिळाली तर उत्तम. हे पत्र अर्धवट ठेवून आधी तो फोन केलात तरी चालेल.

कारण तुमच्याच पत्रात आहे. तुम्ही लिहिलंत, ती उभी राहिली की डुगडुगते. घरात सगळ्यांनी ते पायांचं दुखणं धरलं. मला ते कानाचं वाटतं. आतल्या कानात ऐकण्याचा शंखासारखा भाग असतो, आणि त्याला लागूनच तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धगोल नळ्या असतात. दोन्हींतले द्रव एकमेकांना जोडलेले असतात. मेंदूज्वरात मेंदूच्या आवरणाला सूज येते, तेव्हा जंतू आणि दाह एका बारीक वाटेनं थेट या पोकळीत उतरू शकतात. तोलाच्या नळ्यांना इजा झाली की नुकतं चालायला शिकलेलं मूल चालणं सोडून देतं आणि जमिनीलगत राहतं, कारण रांगताना तोल कमी लागतो. मेंदूज्वरानंतर मूल असं डुगडुगू लागलं की शेजारच्या शंखालाही धक्का बसला असेल का, हे तपासणारा डॉक्टर लगेच पाहतो. १० दिवस अंथरुणात काढल्याचा अशक्तपणाही यात असेल. पण केवळ अशक्तपणा असेल तर दिवसागणिक पाऊल सुधारायला हवं. तुमच्या पत्रात सुधारणेचा उल्लेख नाही.

आता सुई. पाठीचा कणा आणि मज्जारज्जू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मज्जारज्जू कण्याच्या खालच्या टोकापर्यंत पोचत नाही. मोठ्या माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, तान्ह्या मुलांत जरा खाली, साधारण तिसऱ्यापाशी. सुई घालतात ती त्याच्या खालच्या फटीत, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मध्ये. मेंदू आणि मज्जारज्जूभोवती असतं तेच पाणी तिथे असतं, त्यात नुसत्या नसांच्या सुट्या दोऱ्या तरंगत असतात, आणि सुई आली की त्या बाजूला सरकतात. काढतात ते पाणीही लहान मुलाच्या बाबतीत काही मिलिलिटर. मोठ्या माणसाच्या शरीरात ते दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर नव्यानं तयार होत असतं. तपासणीनंतर कंबर दुखते, मोठ्यांना काही दिवस डोकं दुखू शकतं. रक्त गोठत नसेल, प्लेटलेट फार कमी असतील, मेंदूवरचा दाब फार वाढल्याची लक्षणं असतील किंवा सुईच्या जागी कातडीला संसर्ग असेल, तर डॉक्टर स्वतःच ही तपासणी पुढे ढकलतात.

घरी एक गोष्ट पाहा, सासऱ्यांनाही शेजारी बसवा. ती रांगताना दोन्ही गुडघे सारख्याच जोरानं पुढे टाकते का? लंगोट बदलताना दोन्ही पायांनी लाथा मारते का? तळव्याला बोट लावलं की पाय आखडून घेते का? हे सगळं होत असेल तर पायांच्या नसा काम करताहेत. उलट एखादा पाय लुळा पडत असेल, सुईच्या जागी सूज किंवा लाली असेल, लघवी अडत असेल, किंवा उलट्या, सुस्ती, टाळू फुगणं, डोक्याचा घेर झपाट्यानं वाढणं, डोळे खाली वळलेले राहणं यांतलं काही दिसत असेल, तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा. मेंदूत पाणी साठणं ही या आजारानंतरची खरी गुंतागुंत आहे आणि तिच्यावर उपाय आहे.

‘हाक मारली की वळते’ या वाक्यानं फार मुलांचा वेळ गेला आहे. एक कान पूर्ण बंद असला तरी मूल वळतं. दोन्ही कान अधू असले तरी ते सावली पाहून, जमिनीची थरथर जाणवून, मोठ्या भावाची मान फिरली म्हणून वळतं. या वयात मुलं इतकी चलाख असतात की घरातल्यांना महिनोन्महिने पत्ता लागत नाही. बोलणं फुटलं नाही की मग शंका येते. मेंदूज्वरात तेवढं थांबता येत नाही. शंखातला दाह शमताना तिथे आधी चिवट पेशीजाल आणि मग हाड तयार होऊ लागतं, कधी काही आठवड्यांतच. पोकळी हाडानं भरली की कॉक्लियर इम्प्लांटची (ऐकू येण्यासाठी शंखात बसवायच्या यंत्राची) तार आत सरकवणं अवघड होतं, कधी अशक्य. म्हणून मेंदूज्वरातून उठलेल्या प्रत्येक मुलाचे कान घरी सोडण्याआधी, किंवा तब्येत सावरल्यापासून चार आठवड्यांच्या आत तपासायचे असतात. तुमचे १२ दिवस गेले आहेत. अजून वेळ आहे, पण रद्द करण्याइतका नाही.

तपासण्या दोन असतात. ओएईमध्ये कानात लहानसं बूच ठेवून काही मिनिटांत शंखातल्या केसपेशींचा प्रतिसाद मोजतात. बेरामध्ये कपाळावर आणि कानामागे चिकटपट्ट्या लावून आवाज मेंदूच्या बुंध्यापर्यंत पोचतो का ते पाहतात. त्याला अर्धा ते एक तास लागतो आणि मूल निजलेलं लागतं. गुंगीचं औषध लागतं ते एवढ्यासाठीच. ते टाळायचं असेल तर आधीच विचारा की नैसर्गिक झोपेत तपासणी करता येईल का. दुपारच्या झोपेच्या वेळची तारीख घ्या, सकाळी लवकर उठवा, वाटेत झोपू देऊ नका आणि तिथे पोचल्यावर पोटभर पाजून निजवा. नाहीच निजली तर औषध देतात. ते द्यायची शक्यता असेल तर किती तास उपाशी ठेवायचं हे आधी विचारून घ्या, कारण तेव्हा पाजण्याचं वेळापत्रक बदलतं. गुंगीत असताना बोटाला ऑक्सिजन मोजणारी चिमटी लावलेली असावी आणि जाग येईपर्यंत कोणी लक्ष ठेवणारं असावं, एवढा आग्रह धरा. सर्दी असली तर कानाच्या पडद्यामागे पाणी साठून निकाल बिघडू शकतो. तीही तपासणी तिथे होते. एखाद्या कानाचा निकाल वाईट आला तर ‘तीन महिन्यांनी बघू’ हे उत्तर स्वीकारू नका. काही दिवसांत फेरतपासणी आणि इम्प्लांट करणाऱ्या केंद्राकडे चिठ्ठी मागा. ते एमआरआय करून शंखात अजून द्रव आहे का ते पाहतील.

कल्चर कोरं आलं म्हणजे मेंदूज्वर नव्हता, हे मात्र सासऱ्यांना समजावून सांगावं लागेल, कारण या एका समजुतीवर बाकीच्या उभ्या आहेत. इंजेक्शन सुरू झाल्यावर मेनिंगोकोकस हा जंतू पाठीच्या पाण्यातून दोन तासांतही नाहीसा होऊ शकतो, न्यूमोकोकस चार-सहा तासांत. तुमच्या मुलीचं पाणी २० तासांनी काढलं. तेव्हा काही वाढलं नाही, यात नवल नाही. औषध लागू पडल्याचीच ती खूण. पण जंतू मेला तरी त्यानं केलेली उलथापालथ लगेच आवरत नाही. निरोगी बाळाच्या पाण्यात दर घन मिलिमीटरला इन-मिन पाच पांढऱ्या पेशी असतात, तिच्या पाण्यात २,४०० होत्या. साखर रक्तातल्या साखरेच्या साधारण दोन-तृतीयांश असायला हवी. ती ४० टक्क्यांच्या खाली गेली की जिवाणूचा संशय बळावतो. विषाणूच्या मेंदूज्वरात पेशी बहुधा काहीशेच असतात, त्यात लिम्फोसाइट या प्रकारच्या पांढऱ्या पेशी जास्त असतात आणि साखर सहसा ठीक राहते. तुमच्या अहवालात न्यूट्रोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींची टक्केवारी किती लिहिली आहे ते पाहा. ती ८०च्या वर असेल तर शंकेला फारशी जागा उरत नाही. क्षयाचा मेंदूज्वर आठवड्या-दोन आठवड्यांत हळूहळू चढतो आणि अशा १० दिवसांच्या इंजेक्शनांनी बरा होत नाही; तरी ताप किंवा उलट्या परतल्या तर तो प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा.

जंतू सापडला नसेल तर या वयात १० ते १४ दिवस शिरेतून औषध देतात. ते तोंडानं देता येत नाही, कारण रक्तातून मेंदूच्या पाण्यात औषध जेमतेम झिरपतं. सूज असते तोवर वाट थोडी मोकळी असते. सूज उतरली की तीही आकसते. म्हणून मूल खेळायला लागलं तरी डोस कमी करत नाहीत. सेफ्ट्रायअ‍ॅक्झोन हे अँटिबायोटिक किलोमागे दिवसाला १०० मिलिग्रॅम, म्हणजे ९ किलोच्या बाळाला ९०० मिलिग्रॅम, शेवटच्या दिवसापर्यंत तेवढंच. ते १० दिवस फुकट गेले नाहीत.

आता तुमच्या मनातल्या त्या २० तासांबद्दल. तुम्ही दोन गोष्टी एकत्र केल्या आहेत. उशीर झाला तो तपासणीला; उपचाराला नाही. या आजारात घड्याळ लावायचं ते अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाला, आणि तो दाखल झाल्यापासून तासाभरात मिळावा अशी अपेक्षा असते. तुमच्या मुलीला तो मिळाला. पाणी काढणं धोक्याचं असेल किंवा आधी स्कॅन हवा असेल, तर डॉक्टर मुद्दामही असंच करतात: रक्ताचं कल्चर, लगेच औषध, तपासणी मागाहून. त्या २० तासांत हरवलं ते जंतूचं नाव. नाव कळलं असतं तर किती दिवस औषध द्यायचं, घरातल्यांना गोळी द्यायची का, हे नेमकं ठरवता आलं असतं. मेनिंगोकोकसला सहसा ७ दिवस पुरतात, न्यूमोकोकसला १० ते १४ लागतात, नवजात बाळाच्या काही जंतूंना २१. नुकसान आहेच, पण तुम्ही जे उराशी धरून बसला आहात तेवढं मोठं नाही. नाव अजूनही मिळू शकेल का, ते विचारा. औषधापूर्वी रक्ताचं कल्चर घेतलं होतं का आणि त्यात काय आलं? पाण्याची पीसीआर (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी) झाली होती का? पीसीआरला जिवंत जंतू लागत नाही. नमुना शीतपेटीत राहिला असेल तर ती आताही करता येईल. डिस्चार्ज कार्ड आणि सगळे अहवाल एका फाइलमध्ये लावा, कान तपासणारे आणि पुढचे डॉक्टर तेच मागतील.

आकडीचं औषध चालू असेल तर ते स्वतःहून बंद करू नका. चार ते सहा आठवड्यांनी बालरोगतज्ज्ञांची भेट ठरवा. त्यात डोक्याचा घेर, तोल, नजर आणि वागणं पाहिलं जाईल.

दिरांनी आणलेल्या गोळ्या कुणालाही देऊ नका. प्रतिबंधक औषध मुख्यतः मेनिंगोकोकससाठी असतं, आणि तेही एका घरात राहणाऱ्या किंवा रुग्णाच्या लाळेशी थेट संबंध आलेल्या माणसांना. मोठ्यांना सिप्रोफ्लॉक्सॅसिन ५०० मिलिग्रॅम एकदाच, किंवा रिफॅम्पिसिन दोन दिवस, किंवा सेफ्ट्रायअ‍ॅक्झोनचं एक इंजेक्शन. मुलांचा डोस वेगळा, तो डॉक्टरांनीच ठरवायचा. हे पहिल्या २४ तासांत द्यायचं असतं आणि दोन आठवड्यांनंतर त्याचा उपयोग उरत नाही. हिबचा (हिमोफिलस इन्फ्लुएंझा ब या जंतूचा) रुग्ण असेल तर घरात लस अपुरी राहिलेलं लहान मूल आहे का हे पाहून रिफॅम्पिसिन चार दिवस देतात. न्यूमोकोकससाठी घरच्यांना काहीच देत नाहीत. तुमच्या घरी मुलगी आजारी पडून तीन आठवडे उलटलेत. मोठा मुलगा ठणठणीत असेल तर त्याला गोळी नको, त्याचं लसीकरणाचं कार्ड काढून पाहा.

लस देऊनही आजार कसा झाला, याचं उत्तर असं की एकच मेंदूज्वराची लस अशी नसते. हिबची लस फक्त ब प्रकारच्या जंतूवर चालते. न्यूमोकोकसचे सुमारे शंभर उपप्रकार आहेत, लहान मुलांच्या लशींमध्ये १० ते २० असतात. मेनिंगोकोकससाठी ए, सी, डब्ल्यू, वाय यांची एक लस आणि बी प्रकाराची वेगळी. बीचं कवच आपल्याच पेशींवरच्या साखरेसारखं असल्यानं तिच्यासाठी दुसरीच वाट शोधावी लागली. या लशींनी आजार फार घटला, शून्य झाला नाही. तुमच्या मुलीचे बूस्टर राहिले असतील. एकदा आजार होऊन गेला म्हणजे संरक्षण मिळालं असं दोन वर्षांखाली धरता येत नाही, तेव्हा डॉक्टरांना विचारून ते पूर्ण करा. आणि हा आजार दुसऱ्यांदा झाला, किंवा डोक्याला मार लागल्यावर एका नाकपुडीतून स्वच्छ पाणी टपकत राहिलं, तर कुठे गळती आहे का याचा शोध घ्यायलाच हवा.

‘उचललं की जास्त किंचाळायची’ हे तुम्ही नोंदवलंत, ते दुसऱ्या आयांच्या कामाचं आहे. एरवी आजारी बाळ कडेवर घेतलं की शांत होतं. मेंदूच्या आवरणाला सूज असेल तर हलवल्यानं ताण येऊन ते जास्त रडतं. मान ताठ होण्याची वाट पाहायची नाही. दीड वर्षाखालच्या मुलांत ती बऱ्याचदा ताठ होतच नाही. न पिणं, बारीक तीक्ष्ण रडणं, अंग सैल पडणं, टाळू फुगणं, तापात हातपाय गार पडणं, पाय दुखणं, हे आधी दिसतं. अंगावर लाल-जांभळे ठिपके आले तर त्यावर काचेचा पेला दाबा. दाबूनही रंग फिका पडत नसेल तर तसेच उठून दवाखान्यात जा. सावळ्या कातडीवर ते तळहात, तळपाय आणि पापणीच्या आत पाहावे लागतात. तुम्हाला पहिल्या दिवशी हे कळायला हवं होतं का? पहिल्या दिवशी हा आजार इतर कुठल्याही तापासारखाच दिसतो. तुम्ही चुकलात असं मला वाटत नाही.

मोठ्या माणसांतही ताप, मानेचा ताठरपणा आणि बदललेली शुद्ध ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसतातच असं नाही. २००४ साली नेदरलँड्समधल्या ६९६ प्रौढ रुग्णांच्या नोंदींत तिन्ही जेमतेम ४४ टक्क्यांत होती. त्यात डोकेदुखी धरली तर चारांपैकी दोन तरी ९५ टक्क्यांत होती. म्हणून ताप आणि डोकेदुखी असलेलं माणूस असंबद्ध बोलू लागलं की एवढ्यावरच निघायचं. वय ५०च्या वर असेल, मधुमेह असेल, प्लीहा काढलेली असेल, तर ते आवर्जून सांगा. वय जास्त असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर लिस्टेरिया हा जंतूही असू शकतो आणि त्यावर सेफ्ट्रायअ‍ॅक्झोन चालत नाही, अँपिसिलिन जोडावं लागतं. पहिल्या डोसाबरोबर किंवा त्याआधी डेक्सामेथासोन हे दाह कमी करणारं स्टिरॉइड देतात, तेही मागाहून सुरू करून तितकंसं लागू पडत नाही.

सासऱ्यांशी वाद घालू नका. त्यांना भीती नातीच्या पायांची होती, तिच्या भल्याचीच होती. त्यांना बेराच्या दिवशी बरोबर न्या. तपासणारी व्यक्ती निकालाचा आलेख दाखवते, उजवा कान आणि डावा कान वेगवेगळा. तो त्यांना स्वतः पाहू द्या, आणि डुगडुगण्याबद्दलचा प्रश्न तिथल्या डॉक्टरांना त्यांच्याच तोंडून विचारू द्या. जाताना फाइल घ्या. त्यांचं वय ६५च्या पुढे असेल तर त्याच फेरीत त्यांच्या न्यूमोकोकसच्या लशीचंही विचारून घ्या.